बोलावलं कोणी यांना?

"बोलावलं कोणी यांना?" सूक्ष्मदर्शकावरून डोळा न काढता नाना विचारायचे. भिंगाखाली त्यांच्याच बोटातून काढलेलं रक्त असायचं. रंगवलेल्या काचपट्टीवर इओसिनोफिल नावाच्या पेशी विटकरी दाण्यांनी भरलेल्या दिसत. नानांचा दमा उसळला की त्यांची गर्दी व्हायची.

धुळ्याच्या त्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत मी लागलो तेव्हा नव्वद साल उजाडायचं होतं. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. पण पेशी ओळखायला शिकवलं ते तिथले जुने तंत्रज्ञ असलेल्या नानांनी. चहा आला की ते खिडकीतला आपला वेगळा कप घेत. ही सवय पिंपळनेरच्या घरची. दमा एकाचा दुसऱ्याला लागतो, अशी घरच्यांची समजूत. म्हणून नाना धुळ्यात एकटेच खोली घेऊन राहिले. सणाला गेले तरी बाहेर ओट्यावर जेवून परतायचे.

एकदा ते ग्रंथालयातून धापा टाकत आले. एका जुन्या नियतकालिकात त्यांना उत्तर मिळालं होतं. शरीरातल्याच काही पेशी इंटरल्यूकिन नावाची रसायनं सोडतात. तो निरोप मिळाला की या विटकरी पेशी श्वासनळ्यांत जमतात आणि नळ्या सुजतात.

"म्हणजे हा लागायचा आजारच नाही रे," ते म्हणाले. लगेच त्यांनी थोरल्या भावाला पत्र लिहिलं: दोष बाहेरच्याचा नाही, आपल्यातलाच कोणी चुकीचा निरोप धाडतो.

आठवडाभरात भाऊ हजर. दार लोटून हळूच म्हणाले, "आपलामाच शे ना तो? फक्त नाव सांग."

घरातल्या कोणीतरी करणी केली, असं त्यांनी पत्रातून वाचलं होतं. नाना इतके हसले की मला त्यांचा दम्याचा पंप शोधावा लागला. मग त्यांनी भाऊंना स्वतःचं रक्त दाखवलं. भाऊ बराच वेळ वाकून पाहत राहिले.

"मंग हाऊ कोनले लागत नही?"

"कोणालाच नाही."

भाऊंनी नानांच्या कपातला उरलेला चहा पिऊन टाकला आणि आखाजीच्या सणाला घरी यायला सांगितलं.

नाना नवा सदरा घालून गेले. दहा दिवसांनी प्रयोगशाळेच्या किल्ल्या द्यायला भाऊ एकटेच आले. भरदुपारी दमा उसळला, गाडी मिळेपर्यंत सगळं संपलं.

"एकला नव्हता तो," भाऊ म्हणाले. "घरना बठ्ठा जवळच व्हतात."

दमा उसळला तेव्हा धाकटी पुतणी नानांच्या मांडीवर झोपली होती. भाऊ तिला उचलायला वाकले, तर नानांनी हातानेच खुणावलं, राहू दे.