साडूंनी न पाठवलेली फाईल

"ही खरेदी मी केलेलीच नाही. या नावाच्या दुकानाशी माझा काडीचाही संबंध नाही," असं मी बँकेच्या बाईंना फोनवर ठणकावून सांगितलं, तेव्हा ते दुकान माझ्या साडूंचं होतं आणि खरेदी केलेली रजई माझ्याच पायांवर होती. कार्डाची बिलं मी चार-चार महिने उघडत नाही. शाळेतल्या एका सहकाऱ्याचे पैसे कुणीतरी ऑनलाइन लांबवले, म्हणून घाबरून मी सगळी बिलं एकदम काढून बसलो, तर तिथं एका अनोळखी बाईच्या नावाची फर्म. साडूंनी धंदा आपल्या दिवंगत आईच्या नावानं नोंदवलाय, हे मला ठाऊक नव्हतं. वीस वर्षं त्या माउलीच्या पाया पडलो. सगळे तिला 'माय' म्हणायचे, मीही म्हणायचो. नाव विचारायचं कधी सुचलंच नाही.

कागदावर आमच्या साडूंइतकी माया करणारा माणूस परभणी जिल्ह्यात दुसरा झालेला नाही. तलाठी म्हणून निवृत्त झाले आणि सेलूला घरच्या ओसरीत त्यांनी रजयांचा धंदा मांडला. कापूस गावचाच, शिवायला गल्लीतल्या पाच बाया, आणि विक्री इंटरनेटवर. पण तलाठीपण काही सुटलं नाही. प्रत्येक पार्सल बंद करण्यापूर्वी ते त्याचा पंचनामा करत. समक्ष पंच दोन: शेजारचे गिरणीवाले आणि समोरचे न्हावी. रजईचं वजन, टाके, आणि खाली शेताची लिहावी तशी चतुःसीमा: 'पूर्वेस हिरवा काठ, पश्चिमेस तोच, दक्षिणेस लाल पट्टी, उत्तरेस हातची दुहेरी शिवण.' एकदा मी हसलो तर म्हणाले, "हसा, पाव्हणं. उद्या कुणी फिर्याद केली, तर हाच कागद बोलंल."

फिर्याद म्हणजे इंग्रजीत चार्जबॅक म्हणतात ते. गिऱ्हाईकानं कार्डावर पैसे भरायचे, माल घ्यायचा, आणि मग बँकेला कळवायचं की माल आलाच नाही, किंवा खरेदी आपण केलीच नाही. बँक आधी दुकानदाराचे पैसे अडकवते आणि मग सात दिवसांत पुरावा मागते. दुसरा दुकानदार अशा वेळी एक पावती जोडून मोकळा होतो. साडू चौदा पानांची फाईल करत. पुण्याच्या एका बाईंनी 'रंग फोटोतल्यासारखा नाही' म्हणून फिर्याद केली, तेव्हा त्यांनी पंचनाम्यासोबत फोटो काढला त्या दिवशी आभाळ होतं की ऊन, याचाही दाखला जोडला होता. ती तक्रार ते जिंकले. "बँकेनं वाचून नाही, पानं मोजून फैसला दिला असंल," असं माझी बायको म्हणाली. पण जिंकले हे खरं.

हरलेसुद्धा, आणि तेही स्वतःच्या तत्त्वापायी. प्रकरण चालू असताना फिर्यादीशी बोलायचं नाही, हा त्यांचा नोकरीतला नियम. नागपूरच्या एका ताईंनी आपली चूक झाली हे कळल्यावर माफी मागायला स्वतःहून फोन केला. साडू म्हणाले, "ताई, प्रकरण चालू हाय. फैसल्याआधी तुमच्याशी बोलणं बरं दिसत न्हाई." फोन ठेवला. ताई रागावल्या आणि तक्रार तशीच ठेवली. आणखी एक अशीच गेली. मग पैशांचा व्यवहार बघणाऱ्या कंपनीचं पत्र आलं: आता एक जरी तक्रार हरलात, तर कार्डानं पैसे घेणं बंद. बाहेरगावची बहुतेक गिऱ्हाइकं कार्डवाली. त्यांच्यावरच तर पाच बायांचं काम चालायचं. त्या पत्राला साडूंनी प्लास्टिकचं कव्हर घातलं आणि ते मायच्या फोटोखाली टांगलं.

आणि नेमकी पुढची तक्रार माझी.

यातलं मला काहीही ठाऊक नव्हतं. साडूंनी नियमाप्रमाणे मला फोन केला नाही. त्याऐवजी आठवड्याभरात परभणीला आमच्या दारात ऑटोतून ज्वारीचं पोतं उतरलं, वर तुरीची डाळ. बायकोच्या थोरल्या बहिणीनं, अक्कानं, दोनदा फोन करून विचारलं, "बरं चाललंय ना समदं?" आम्ही म्हणालो, मजेत. भाकरी खाल्ल्या. महिन्यानं बँकेचा निरोप आला की निकाल माझ्या बाजूनं लागलाय. मी मोठ्या ऐटीत बायकोला दाखवला. तिनं फर्मचं नाव वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. "अहो, हे तर अक्काच्या सासूबाईंचं नाव."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आम्ही दोघं सेलूला गेलो. झाला प्रकार हसत-हसत कसा सांगायचा, याची वाटेत मी मनाशी तयारी केली होती. ओसरीत पाचांपैकी दोनच बाया शिवत होत्या. साडूंनी पाणी दिलं, आणि मी काही बोलायच्या आत कपाटातून एक फाईल काढून पुढ्यात ठेवली. पंचनामा, पावती, पार्सल घेतल्याची माझी सही, आणि शेवटी मीच त्यांना पाठवलेला फोटो: रजईत गळ्यापर्यंत गुंडाळलेला मी, खाली माझंच वाक्य, 'लय ऊबदार, साडूभाऊ!'

"ही पाठवली असती तर तुम्ही जिंकला असता," मी म्हणालो.

"हाव. जिंकलो असतो."

"मग?"

त्यांनी फाईलची लाल फीत उगीच सोडली, पुन्हा बांधली. "मला वाटलं, तुमाला नड असंल. तोंडानं मागायला माणूस लाजतंय, पाव्हणं. तिथं तुमाला लबाड ठरवून खाली सही करायची व्हती. हात उठला न्हाई."

हसत सांगायचं ठरवलेलं सगळं बाजूला ठेवलं. मी चूक सांगितली, पैसे पुढं केले. त्यांनी मोजून घेतले, पावती फाडली, आणि तिच्यावर फुंकर मारता मारता हळूच विचारलं, "खरंच नड न्हाई ना?"

चूक माझी होती, असं पत्र मी बँकेला आणि त्या कंपनीला लिहिलंय. मजकूर साडूंनीच सांगितला, चतुःसीमेसकट. अजून उत्तर नाही.

परतीच्या गाडीत बायको खिडकीबाहेर बघत बसली होती. मानवत रोड गेलं. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "दुसरं कुणी असतं ना, तर दाजी जिंकले असते."