गुणाजीचा वन्स मोअर

आमच्या गावात गुणाजीसारखा मरणारा दुसरा माणूस झाला नाही. हवं तर बोर्ली पंचतनच्या बाजारात कोणालाही विचारा. एरवी भात लावणारा, सुपारीच्या वाडीत खपणारा साधा माणूस. पण जत्रेच्या नाटकात राजाचा झगा अंगावर चढला की याचं मरण काही केल्या संपायचं नाही. छातीत तलवार, तरी हा उभाच. आपलं काय चुकलं, कोणाचं ऐकलं नाही, राज्य कसं गेलं, हे सगळं बैजवार सांगून मग चांगली जागा बघून आडवा व्हायचा. मंडपातून ‘वन्स मोअर’ आला की आमचा राजा उठायचा, झगा झटकायचा आणि पुन्हा मरायचा. पुढच्या रांगेत बसलेली त्याची बायको केसर दोन्ही वेळा तेवढीच रडायची. विंगेत पुस्तक धरून बसणारा मी, मला हसू आवरायचं नाही.

यंदा नाटक बसवायला पियूष आला. पोरगा गावचाच, पण मुंबईत सिनेमाच्या सेटवर काम करतो, त्यामुळे ज्ञान नुसतं उतू जात होतं. त्याच्या नाटकात राजा नव्हताच, हट्टापायी भावाशी वैर घेणारा ट्रक ड्रायव्हर होता, आणि तो करायचा होता गुणाजीनं.

“काका, सिनेमातला हिरो आता मरताना बोलत नाही. गोळी लागली, पडला, संपलं.”

“आन् त्याचं काय चुकलं, त्ये कोन सांगनार?”

“लोक समजून घेतात.”

“हितं राजानं सोता सांगितलं तरी अर्धी मानसं इचारतात, ह्यो मेला कशापायी?”

“राजाचं सोडा हो. आपल्यातला माणूस मरताना भाषण करतो का?”

गुणाजी उठून चालू लागला. घरी जाताना मला म्हणाला, “बोललो न्हाय तर वन्स मोअर कसा मिळल रं? आजवर कंदी चुकला न्हाय.” त्याचा चेहरा इतका उतरला होता, की मला चेष्टा करवेना.

नटाच्या घरच्यांनी तालीम बघायची नाही, ही आमची जुनी रीत. त्यामुळे केसरला यातलं काही ठाऊक नव्हतं.

प्रयोगात गोळी म्हणून फटाका वाजला. गुणाजी धाडकन पडला, पालथा. केसर डोळ्याला पदर लावून भाषणाची वाट बघत बसली. भाषण येईना.

“अवो?” ती म्हणाली. मग मोठ्यानं, “अवो, बोलत का न्हाय?”

घरात मीठ संपलं तरी भाषण देणारा माणूस गप्प पडलेला! केसर थेट स्टेजवर चढली. त्याला उताणं केलं, डोकं मांडीवर घेतलं. “सकाळी भाकर करपली म्हनून बोललात ना? उद्या न्हाय करपवनार. पन कायतरी बोला.”

समोरच्या विंगेतून पियूष हातानं खुणावत होता, पडून राहा. मंडपात बाया हुंदके देऊ लागल्या. मी पुस्तक खाली ठेवलं. हसू कुठल्या कुठे गेलं होतं.

गुणाजीनं डोळे उघडले. “केसर, मी हाय गं.”

तिनं आधी त्याच्या खांद्यावर एक चापट मारली आणि मग हमसून हमसून रडली.

“वन्स मोअर!” सगळा मंडप उठला. एवढा मोठा वन्स मोअर राजालाही कधी मिळाला नव्हता. पियूषसुद्धा ओरडत होता. गुणाजी उभा राहिला. केसरचा हात न सोडता त्यानं लोकांकडे पाहिलं आणि मान हलवली.

“आज न्हाय,” तो म्हणाला, “पडदा पाडा.”