जिल्ह्याच्या ठिकाणची नलूताई

नलूताईचं माहेर आमच्या गल्लीत आणि सासरही आमच्याच गल्लीत. लग्नात वरात मुद्दाम बाजारातून फिरवली, नाहीतर बँडवाल्यांनी सूर लावेपर्यंत नवरी सासरी पोचली असती. जन्म पालघरात, सुक्या मासळीचं दुकान पालघरात आणि भांडणंही सगळी पालघरातच, तीही आपलं मानलेल्या माणसांशीच. बाई आयुष्यात जागची हलली नाही. पण दोन हजार चौदा साली ठाण्यातून जिल्हा वेगळा निघाला, पालघर त्याचं मुख्य ठिकाण झालं, आणि आदल्या रात्री तालुक्यात झोपलेली नलूताई सकाळी उठली ती थेट जिल्ह्याच्या ठिकाणची होऊन.

तेव्हा ताठ झालेली मान अजून सैल झालेली नाही. डहाणूची बहीण आली की चहाचा कप पुढे करत म्हणते, "घे गं, तालुक्याला असा मिळत नाय." गिऱ्हाइकाने जवळ्याचा भाव कमी करायला सांगितला की, "जिल्ह्याचा भाव हाय. परवडत नसेल तर वाणगावला जा." गल्लीत खड्डा पडला तरी तो आता जिल्हा पातळीवरचा. नवरा महादूभाऊ बिचारा गरीब माणूस. त्याला ती अशी हाक मारते की वाटावं, कलेक्टरसाहेबांनी शिपायाला बोलावलं.

अशा बाईच्या एकुलत्या एका लेकीने, हेमालीने, बोईसरचा मुलगा पसंत केला. विक्रम त्याचं नाव. दोघं एकाच कारखान्यात नोकरीला. मुलगा सालस, निर्व्यसनी, आणि आईबाप परभणीकडचे असूनही बोंबलाची चटणी मिटक्या मारत खाणारा. जात, पगार, पत्रिका, नलूताईने काहीही विचारलं नाही. तिचं अडलं भलतीकडेच.

"बोईसरला ग्रामपंचायत हाय," आमच्या ओट्यावर बसून तिने निकाल दिला. "नगरपरिषदेतली पोर मी ग्रामपंचायतीत देणार नाय."

"अगं, पण तिथे केवढाल्या बिल्डिंगा झाल्यात," आमची ही म्हणाली.

"झाल्या असतील. पन सरपंच हाय ना?"

हे कळताच हेमालीने अन्न सोडलं, बोलणं सोडलं. तेव्हा नलूताईने ठरवलं की आपणच बोईसरला जायचं आणि मुलाच्या आईच्या तोंडावर नकार सांगून यायचं. बरोबर महादूभाऊ, आणि साक्षीदार म्हणून आम्ही दोघं. दुसऱ्याच्या घरातल्या अशा कामांना आम्हाला सवड असतेच.

विक्रमची आई साखरबाई दारातच उभी होती. नवऱ्याच्या, पुंजारामच्या, नोकरीपायी ती बोईसरला आली, आणि आता हे गाव आपणच वसवलं अशा थाटात राहते.

"या बाई, या. लई लांबून आलात. खेड्यावरून यायचं म्हंजी गाडीघोड्याची पंचाईत."

"खेडं?" नलूताई उंबऱ्यावरच थबकली. "आमी पालघरच्या. जिल्ह्याचं ठिकाण हाय ते."

"व्हय का?" साखरबाईने शांतपणे पोह्यांच्या बशा मांडल्या. "माझं कवा जाणंच झालं नाही बघा. समदं इथंच मिळतं. एकदा तेवढं कलेक्टरचं हापीस बघितलं, कोळगावचं. पर ते तर बोईसर रोडला हाय. म्हंजी आमच्याच वाटंवर."

"पालघर-बोईसर रोड हाय तो! पालघर आधी येतं!"

"तुमच्याकडून निघालं तर. आमच्याकडून निघालं की बोईसर आधी."

महादूभाऊने हसू लपवायला पोह्यांची बशी तोंडासमोर धरली, ती बराच वेळ खाली घेतली नाही. विक्रमचा चेहरा उतरला. नलूताई ताडकन उठली. आता नकार फुटणार म्हणून आम्ही चहा भराभर संपवला.

"जिल्हा म्हंजे काय ते ह्या बोईसरला कोनीतरी शिकवायलाच पायजे," ती कडाडली. "आनि ते दुसऱ्या कोनाला जमणार नाय. मी हेमालीलाच पाठवते हितं. सून म्हणून घरात राहील, आनि पालघर कुठं हाय ते रोज सकाळी तुमाला सांगेल."

"पाठवा की," साखरबाईने पदर खोचला. "म्या बी तिला बोईसर शिकवीन."

महादूभाऊने बशीआडून हळूच विचारलं, "म्हंजे... होकार समजायचा ना गं?"

"होकार कसला? नेमणूक हाय ती! आनि लगीन पालघरातच होईल."

"साखरपुडा मातुर इथं, आमच्या दारात."

"बघते कसा होतो ते!"

दोघींचा आवाज चढत गेला तसा विक्रम फोन घेऊन गॅलरीत सरकला. मीही हवा खायला म्हणून त्याच्या मागोमाग गेलो. फोनवर हेमाली होती.

"भांडण झालं का रे?" तिने धास्तावून विचारलं.

"झालं ना. अजून चाललंय."

"हुश्श!" हेमाली म्हणाली. "मग जमलं."