निषेधाचे शुभेच्छुक

सबंध बीड जिल्ह्यात सातासमुद्रापलीकडच्या फुटबॉल टीमच्या वेळापत्रकावरून ज्याचं डोकं फिरतं असा एकच माणूस आहे, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे. आमच्याकडं लोक चिडतात ते वीज गेली म्हणून, कालव्याला पाणी सुटलं नाही म्हणून, नाहीतर निवडणुकीचं तिकीट भलत्यालाच मिळालं म्हणून. आमचे दाजी चिडतात ते त्यांच्या टीमला ऐन जुलैत विमानात बसवलं म्हणून. माजलगावला बसस्टँडच्या मागं माझं स्पेअर पार्टचं दुकान आहे. दाजी साखर कारखान्यात फिटर. ड्यूटी सुटली की दिंद्रुडला घरी जायच्या आधी ते माझ्याकडं येऊन बसतात. जुलै-ऑगस्टात ते बसलेले दिसले की माझं गिऱ्हाईक आत यायच्या आधी बाहेरूनच मला खुणेनं विचारतं, ‘चिडलेत का?’ मी मान हलवतो. गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं. म्हणजे परदेशातल्या कुणा कोट-टायवाल्यानं मॅचच्या तारखा लावायच्या आणि नुकसान माजलगावात माझं व्हायचं, असा हा हिशेब आहे.

टीमचं नाव मी इथं लिहीत नाही. दाजीही घेत नाहीत. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घ्यायच्या नाहीत, तसं ते ‘आपली टीम’ एवढंच म्हणतात. हा रोग त्यांना लागला कोल्हापूरला. तरुणपणी तिकडच्या एका कारखान्यात काम शिकायला गेले होते. तिथं पेठापेठांत फुटबॉल, आणि मॅच हरली तर माणसं दोन-दोन दिवस जेवत नाहीत म्हणे. दाजी परत आले ते फिटर होऊन आणि हे वेड घेऊन. आमच्याकडं तेव्हा फुटबॉल म्हणजे शाळेच्या कपाटात हवा गेलेला पडलेला असायचा, तेवढाच. माणसानं वेड तरी कुठं ठेवावं? पुढं घरावर डिश आली, हातात मोबाइल आला आणि दाजींनी एक परदेशी टीम दत्तक घेतली. खेळाडूंची नावं जिभेवर बसेनात, म्हणून सगळ्यांचं नव्यानं बारसं केलं. उंच बचाववाला खांब्या, पळणारा पोरगा खोंड. आणि मधे उभा राहून सगळ्यांना चेंडू वाटणारा, वयस्कर झालेला कॅप्टन, तो मुकादम. ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम जसा फडाच्या बांधावरून नुसत्या हातवाऱ्यानं सगळी टोळी हलवतो, तसा हा हलवतो म्हणून. या मुकादमावर दाजींचा जो जीव, तो सख्ख्या भावावर नाही. हे मी नाही, त्यांचा सख्खा भाऊच सांगतो.

आता रागाचं कारण. युरोपातल्या टीमांचा हंगाम मे महिन्यात संपतो आणि ऑगस्टात नवा सुरू होतो. मधल्या काळात खेळाडूंनी जरा आराम करावा, घराजवळ सराव करावा, अशी जुनी रीत. पण मालक लोकांना दम कुठला? आज अमेरिकेत मॅच लाव, परवा जपानला, तिथून ऑस्ट्रेलियाला. तिकडच्या टीव्हीवाल्यांना सोयीची वेळ धरायची आणि भर दुपारी, घामाच्या धारांत त्या पोरांना पळवायचं. याला म्हणायचं ‘प्री-सीझन’. हा शब्द ऐकला की दाजींच्या कानशिलाची शीर उडायला लागते, कारण सीझन हा शब्द त्यांच्या घरचा आहे. कारखान्याचा सीझन म्हणजे उसाचं गाळप. त्याआधी काय करायचं असतं हे दाजी उभा जन्म करत आलेत. एकदा मी आपलं शहाणपणानं म्हणालो, “दाजी, प्री-सीझन म्हणजे सराव असतो.” झालं!

“सीझन मला शिकवतो का बे? गाळप संपलं की आमी काय करतो? मिल उघडतो. रोलर भायेर काढतो, खाचा नीट करतो, बेअरिंग बघतो, वंगण घालतो. रोलर ट्रकात घालून गावोगाव मिरवत न्हाई आमी! आन ह्ये? ह्ये इकडून तिकडं नुसते फिरवतेत. मंग हंगामात मोडला की म्हणतेत, नशीब!”

घरात भिंतीवर त्यांनी जगाचा नकाशा लावला आहे. दौरा जाहीर झाला की त्यावर चुका ठोकून टीमच्या वाटेनं सुतळी ताणायची आणि येईल त्या पाहुण्याला ती दाखवून शिव्या द्यायच्या. अक्का त्या सुतळीवर खुशाल हातरुमाल वाळत घालते. “एवढीच सोय झाली मला त्या फुटबॉलची,” असं ती म्हणते. दाजींचा खरा संताप मात्र तुलनेचा असतो. समोरची टीम, म्हणजे दाजींची जन्माची वैरीण, घरापासून जवळच डोंगरात थंड हवेला सरावाला जाते. “त्यांच्या पोरायला मामाच्या गावाला धाडलं, आन आमच्यायला पोती वाह्यला! आन पयली मॅच दोघांची एकाच दिशी! ह्यो न्याय हाय का बे? सांग ना, हाय का?” जसं काही वेळापत्रक मीच काढलंय. पण त्यांचं ऐकून ऐकून मलाही राग यायला लागला, हे खरं. नाहक माणसं दमवायची, पाय मोडेपर्यंत वापरायची आणि वर टाळ्या मागायच्या. चीड येणार नाही तर काय होईल?

निषेध म्हणून दाजींनी एक नेम धरला होता. टीम दौऱ्यावर असेपर्यंत बिनसाखरेचा चहा. साखर कारखान्याचा माणूस, घरात सभासदाची साखर पोत्यानं येते, आणि हा गडी जुलै उजाडला की कडू चहा पितो. डॉक्टरला वाटलं शुगर झाली. कारखान्यात आवई उठली की दाजी मॅनेजमेंटवर नाराज आहेत. एका संचालकानं बोलावून विचारलंसुद्धा, “काय अडचण आहे?” दाजींनी त्यांना अमेरिकेचा दौरा समजावून सांगितला. संचालकांनी पुन्हा विचारलं नाही. दौरा संपला, टीम विमानातून घरी उतरली, की दुसऱ्या दिवशी दाजी दोन चमचे जास्त साखर घालून चहा पीत आणि माझं गिऱ्हाईक परत येई.

आणि मग ते वर्ष आलं. टीमच्या दौऱ्यात आपला देश आला. मॅच मुंबईला. मला वाटलं, दाजी नाचतील. दाजी खुर्चीत बसून राहिले. इतकी वर्षं ज्या दौऱ्याला शिव्या घातल्या, तोच चालत दारात आलेला. वरून बातमी अशी की मुकादमाचं हे शेवटचं वर्ष. म्हणाले, “येऊ नव्हतं पायजे त्यायनी.” मग खाली बघत, “पण आलेच तर... एकदा डोळ्यानं बघायचाय बे मला मुकादम. टीव्हीत न्हाई. आसा समोर, खेळताना. मंग मेलो तरी चालंल.” या माणसानं स्वतःसाठी कधी काही मागितलेलं मी ऐकलं नव्हतं. मी तिथंच मोबाइलवर तिकिटं काढली.

मॅच रविवारची होती. म्हणून तर जमणार होतं. पण आठवडा राहिला असताना आयोजकांनी ती मंगळवारी ढकलली, कारण मालकांनी मधेच दुसऱ्या देशात आणखी एक मॅच घुसडली होती. कुणी कुठून येणार, कुणाची रजा, कुणाची बस, याचं त्यांना सोयरसुतक नाही. आणि मंगळवारी आमच्या कारखान्यात मिल रोलरचं पूजन! नव्या सीझनच्या कामाची सुरुवात. रोलरला पहिलं कुंकू लावायचा मान वर्षानुवर्षं दाजींचा. “देवाचं काम सोडून चेंडू बघायला चाललेत हे,” अक्का म्हणाली. दाजी म्हणाले, “रोलरला मी वर्सभर बघतो. मुकादम एकदाच येणार हाय.” त्यावर ती भाकरी बांधायला लागली.

मात्र नुसतं बघायला जायचं नाही, निषेध करायचा, असं दाजींनी ठरवलं होतं. म्हणून चौकातल्या फ्लेक्सवाल्याकडं गेले आणि मजकूर सांगितला : ‘जाहीर निषेध! पोरांना घरी जाऊ द्या.’ आता आमच्या जिल्ह्यात फ्लेक्स म्हणजे वाढदिवस, निवड आणि स्वागत. फ्लेक्सवाल्याचा हात तसाच बसलेला. संध्याकाळी आणायला गेलो तर काय! चहूकडून गुलाबाची वेलबुट्टी, मधोमध पुतणीच्या लग्नातला फेटा बांधून हात जोडलेले दाजी, डोक्यावर सोनेरी अक्षरात ‘जाहीर निषेध’ आणि खाली ‘शुभेच्छुक’ म्हणून एका रांगेत चेहरे. त्यात गॉगल घातलेला मीसुद्धा. दाजींचा आवाज चढला, “निषेधाला शुभेच्छुक असतेत का बे?”

फ्लेक्सवाला शांत. “काका, शुभेच्छुक न्हाई टाकले तर खालची बाजू उघडी पडती. आन मंग लोकं मलाच इच्यारतेत, आमचा फोटो कावून न्हाई?”

“आन ह्ये गुलाब?”

“ते डिझाइनमदीच हायेत.”

दुसरा करायला वेळ नव्हता. तोच घेऊन आम्ही बसमध्ये बसलो. मैदानाच्या दारावर झडती होती. त्यांनी आमचं पाणी काढून घेतलं, भाकरी काढून घेतली, शेंगदाण्याची चटणीसुद्धा हुंगून बाजूला ठेवली. फ्लेक्स मात्र गेला, कारण दाजींनी तो सदऱ्याच्या आत पोटाला गुंडाळला होता. मुंबईच्या त्या चिकचिकीत प्लास्टिक नेसलेला माणूस चालताना करकर वाजत होता. खुर्चीवर बसताना असा आवाज झाला की पुढच्या रांगेतल्या बाईंनी वळून बघितलं.

टीम मैदानात आली. खांब्या आला, खोंड आला. दाजी पुढं वाकून शोधत होते. मुकादम नव्हता. मग एका कडेनं, ट्रॅकसूट घातलेला, लंगडत एक माणूस आला आणि खुर्चीवर बसला. कुणीतरी त्याच्या गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवली. शेजारच्या माणसानं सांगितलं, परवाच्या त्या घुसडलेल्या मॅचमध्ये त्याचा गुडघा गेला. पण पोस्टरवर फोटो त्याचा, म्हणून त्याला आणावंच लागलं.

दाजी उठून उभे राहिले. इतक्या वर्षांचा त्यांचा राग मी बघितला आहे, पण असा नाही. “आरं सोडा की त्याला! पाय मोडलेला माणूस, त्याला विमानात घालून कावून आणला? दावायला? न्हाई का बे त्याला घरदार?” भोवतालची पोरंपोरी हसायला लागली. मला अशी तिडीक गेली की मीही उठलो आणि त्यांच्या बरोबरीनं बोंबलायला लागलो. हरामखोरांनो, इथून तिथून सगळे हरामखोर, असंच काहीतरी म्हणालो असेन. सांगत होता हा माणूस! माजलगावच्या स्पेअर पार्टच्या दुकानात बसून वर्षानुवर्षं हेच सांगत होता, आणि आम्ही हसत होतो.

मग दाजींनी सदरा वर करून फ्लेक्स सोडला. एक टोक त्यांनी धरलं, एक मी. आमची जागा खाली कडेलाच होती. मुकादमानं मान वळवली. त्याला मराठी थोडंच येतंय? त्याला दिसले गुलाब, दिसला फेटा बांधून हात जोडून उभा असलेला माणूस आणि खाली हसरी मंडळी. तो बघत राहिला. मग तोच फेटेवाला फ्लेक्सच्या मागं उघड्या पोटानं उभा आहे हे त्याच्या ध्यानात आलं असावं. तो हसला, बर्फाची पिशवी एका हातानं बाजूला केली, धडपडत एका पायावर उभा राहिला आणि त्यानं आमच्याकडं बघून हात जोडले. दाजींचे दोन्ही हात फ्लेक्स धरण्यात गुंतलेले. तेव्हा त्या नमस्काराला नमस्कार केला तो फ्लेक्समधल्याच दाजींनी. बाहेरचे दाजी ओरडायचे थांबले होते आणि नुसते “बस बाबा, बस, पाय दुखंल,” असं पुटपुटत होते. मॅच कोण जिंकलं ते आम्ही बघितलं नाही.

टीम घरी गेली. नकाशावरची सुतळी निघाली, रुमाल दोरीवर गेले. दाजी चहा बिनसाखरेचाच पीत राहिले. नवा हंगाम सुरू झाला, मुकादम मैदानात उतरला नाही. इकडं आमच्या कारखान्यात पहिली मोळी पडून गाळप सुरू झालं, रस्त्यावर उसाच्या गाड्यांची रांग लागली, तरी दाजी कडूच पीत होते. मीही विचारलं नाही.

मग एक दिवस दुकानात बसल्या बसल्या त्यांनी मोबाइल माझ्यापुढं धरला. मुकादम खेळातून थांबला होता. गुडघा सांधला नाही. फोटोत तो स्वतःच्या घराच्या पायरीवर बसलेला, मांडीवर लेक असावी. मी सवयीनं चहावाल्याला हाक दिली, “दोन पाठव रे, एक बिनसाखरेचा.”

“साखर घालाय सांग,” दाजी म्हणाले. “गेला माणूस घरी.”

चहा आला. दाजींनी एक घोट घेतला आणि कप हातातच धरून बसले.

“त्याला काय वाटलं आसंल बे? आपुन निषेधाला गेलतो, का स्वागताला?”

“दाजी, त्यानं उठून हात जोडले.”

“हां. मोडक्या पायावर.” त्यांनी कप खाली ठेवला. चहा तसाच होता. “लई गोड लागतंय. उद्यापासून बिनसाखरेचाच सांगत जा. सवय गेली आता.”