उन्हात विटलेली कडी

तीन मार्च एकोणीसशे अठ्ठ्याण्णव. दुरुस्तीचे आठशे पन्नास रुपये ठरले होते. त्यातले सातशे निवृत्त वैमानिकाने आगाऊ दिले होते. घड्याळ खास वैमानिकांसाठी निघालेलं जुनं मॉडेल. दुसऱ्या देशाची वेळ दाखवणारा जादा काटा आणि काचेभोवती फिरणारी कडी, दिवस-रात्र कळावी म्हणून अर्धी लाल, अर्धी निळी. विमानातल्या उन्हाने ती राखेसारखी फिकी पडली होती.

घड्याळजींनी यंत्र साफ केलं आणि ते जेवायला गेले. तेवढ्यात त्यांच्या धाकट्या भावाने हौसेनं जुनी कडी उपटली, ती मोडली तशी फेकून दिली आणि नवी बसवली.

"बघा साहेब, नवरीसारखं नटवलंय!" घड्याळ न्यायला आलेल्या वैमानिकाला तो म्हणाला.

"माझी सगळी नोकरी त्या कडीवर उमटली होती. ती तू कचऱ्यात टाकलीस?" घड्याळ उचलून वैमानिक तरातरा निघून गेले.

"दादा, बाकीचे पैसे?" भावाने जेवून परतलेल्या घड्याळजींना विचारलं.

घड्याळजींनी चिमटा टेबलावर आपटला. "वर तोंड करून पैसे मागतोस? आधी विचारायला तुझी जीभ झडली होती?"

तेव्हापासून भावाकडे फक्त सेल बदलायचं काम आहे. दीडशे रुपये अजून येणे आहेत.