एकतेला गालबोट

"वाच," तो म्हणाला. "जोरमा वाच. समदासले ऐकू येऊ दे."

रविवारची सकाळ. नवापूरकडच्या डोंगरातलं आमचं घर. प्रार्थनेला जमलेली बारा-पंधरा माणसं भिंतीशी उभी केलेली. बाजाची पेटी फोडलेली. अंगणात मधोमध माझा बाप गुडघ्यांवर, नाकातून रक्त. दांडके घेतलेले पाच जण. त्यांतल्या पुढच्याने माझ्या तोंडासमोर वर्तमानपत्र धरलं होतं.

मी वाचलं. "देश हा एक देह आहे. डोंगरात या देहाचं एक बोट सडलं आहे. परक्या देवाचं विष अंगभर पसरण्याआधी ते कापलंच पाहिजे. एकतेसाठी ही शस्त्रक्रिया अटळ आहे."

कुठेही अडखळले नाही. अडखळणार कशी? तो लेख मीच टाईप केला होता.

शहाद्यातल्या एका छोट्या वर्तमानपत्रात मी कामाला होते. शेजारच्या लोणखेड्याला खोली घेऊन राहायचे, तिथल्याच कॉलेजात शिकलेले, रविवारी घरी यायचे. संपादक हाताने लिहायचे, मी कॉम्प्युटरवर चढवायचे. डोंगरातली पोर असून शुद्धलेखन पक्कं, म्हणून माझं कौतुक. तो लेख टाईप करताना माझे हात थांबले होते. संपादक हसले. "तुले कोन म्हनी ऱ्हायनं? तू ते आपलीच शे."

बोलताना अहिराणी. लिहिताना देश, देह, एकता.

मी आपली झाले. 'शस्त्रक्रिया' त्यांनी चुकीचं लिहिलं होतं, तेवढं सुधारलं आणि पान लावलं.

अंगणात माझं वाचून झालं. पुढच्याने बापाचा उजवा हात ओढून दगडावर ठेवला. "सडेल बोट कोनतं शे?" मलाच विचारलं. "सांग. नही ते पाची तोडसूत."

बाप माझ्याकडे बघत होता.

"करंगळी," मी म्हणाले.

वरून दुसरा दगड आला. बापाचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. आई धावली तर तिच्या पोटात लाथ.

दवाखान्यात करंगळी काढूनच टाकावी लागली. शुद्धीवर आल्यावर बाप आमच्या बोलीत एवढंच म्हणाला, "बरं केलंस. कोयता धरता येईल."

तिसऱ्या दिवशी कामावर गेले. संपादकांनी मान वर न करता मथळा सांगितला. "लिख. किरकोळ वादातून एकतेला गालबोट."

"बोट माझ्या बापाचं तुटलं," मी म्हणाले. "दगडाने ठेचलं. तसं लिहा."

"तसं लिखं ते गावं पेटतीन. देशना काही विचार कर."

"मी टाईप करणार नाही."

उठले. तारेला जुने कागद टोचलेले असायचे. त्यातून त्यांच्या हातचा तो लेख ओढून काढला. तेव्हा संपादकाने माझी वेणी धरली. डोकं टेबलावर आपटलं. "जंगली ते जंगलीच ऱ्हायनी!" ओठ फाटला. मी त्याच्या मनगटाला चावले. चामडी दाताखाली येईपर्यंत चावले. कागद सोडला नाही.

तशीच एसटीत बसून नवापूरला पोलीस ठाण्यात गेले. हवालदाराने लिहिलं, 'आपसातील वादातून इजा.'

"वाद नव्हता. खोडा."

"मारणाऱ्यांची नावं घेतली ना? पेपरचं मध्ये कशाला?"

"माझ्याकडून वाचून घेतलं आणि मग ठेचलं. हा कागद. लिहा."

"टाईप कोणी केलं?"

"मी."

त्याचा पेन थांबला. "पोरी, तूही अडकशील."

"अडकेन. लिहा."

लिहिलेलं सगळं त्याच्याकडून वाचून घेतलं. दोन शब्द बदलायला लावले. मग सही केली.

केस उभी राहील तेव्हा त्या पाचांसमोर आणि संपादकासमोर मी उभी राहणार आहे. आधी माझा गुन्हा सांगेन. मग त्यांचा. एकेका शब्दासकट.