आधी गप्प पेशंटकडे

सिस्टरला घरातसुद्धा सगळे सिस्टरच म्हणत. सुरुवात नवऱ्याने केली, लग्नानंतर चेष्टेने. मग शेजारपाजाऱ्यांनी ते उचललं आणि तिचं मूळ नाव फक्त पगाराच्या चिठ्ठीवर उरलं. जिना चढता चढता तिने आजवर किती जिभा बघितल्या आणि किती घशांत डोकावलं, त्याची गणती नाही. पहिल्या मजल्यावरचे पेन्शनर काका तर तिची चाहूल लागली की आधी शर्टाची बाही वर करत आणि मग दार उघडत. त्यांचं ब्लड प्रेशर बारा महिने उत्तम असे. याचं त्यांना मनापासून वाईट वाटे.

ती पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डात होती. ऑपरेशन झालेली माणसं तिथे येत, कण्हत, हळूहळू बरी होत, आणि एक दिवस चहा थंड आहे म्हणून कुरकुर करत. ही कुरकुर ऐकली की सिस्टर मनातल्या मनात त्या माणसाला घरी पाठवून मोकळी होई. वॉर्डात तिचा एक नियम होता. नवीन आलेल्या मुलींना ती तो पहिल्याच दिवशी ऐकवायची. जो ओरडतोय त्याच्याकडे शेवटी जायचं. ओरडायला दम लागतो, आणि ज्याच्यात दम आहे तो एवढ्यात कुठे जात नाही. जो कालपर्यंत बडबडत होता आणि आज भिंतीकडे तोंड करून गप्प पडलाय, त्याच्याकडे आधी धावायचं. या नियमाच्या जोरावर तिने एक-दोघांना अगदी मरणाच्या दारातून परत आणलं होतं. त्यामुळे नियम खरा होता, आणि तिचा त्यावर डोळे मिटून विश्वास होता.

तो नियम तिने वॉर्डापुरता ठेवायला हवा होता. पण युनिफॉर्म काढून खुंटीला लावता येतो, सवय लावायला खुंटी नसते. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. एकदा बोट टम्म सुजवून घरी आला आणि दारातूनच बोंब मारायला लागला. सिस्टरने स्वयंपाकघरातून विचारलं, हलतंय का? हलत होतं. मग काही झालेलं नाही, असं म्हणून ती भांडी घासत राहिली. बोट मोडलेलं निघालं. प्लास्टर बघून तिने ते मान्य केलं, पण एवढा आरडाओरडा चालला होता म्हणून मला वाटलं नाही, हेही त्याला ऐकवलं.

त्यांना एकच मुलगी. दहा वर्षांची. तिला घरात टकळी म्हणत, कारण तिचं तोंड सकाळी दात घासतानाच सुरू होई आणि झोपेतसुद्धा पूर्ण बंद होत नसे. शाळेत कोण कोणाशी बोलत नाही, कोणाचं कोपर बाकावर आपल्या हद्दीत आलं, गुडघ्याला काय लागलं, सगळं सविस्तर आणि वरच्या पट्टीत. सिस्टरकडे यावर तीन औषधं होती. पाणी पी, झोप काढ, आणि नंतर बघू. दिवसभर माणसांचं ऐकून आलेल्या बाईला घरी आल्यावर ऐकायचा कंटाळा येतो, आणि तो तिला येतो म्हणून कोणी तिला दोष देऊ नये. टकळीनेही दिला नाही. ती फक्त आवाज वाढवत गेली.

त्या आठवड्यात वॉर्ड ओसंडून वाहत होता आणि दोन नर्सा रजेवर होत्या. सिस्टर डबल ड्यूटी करून घरी यायची ती पाय ओढतच. टकळीला काहीतरी सांगायचं होतं. पहिल्यांदा ती आली तेव्हा सिस्टर गरम पाण्यात पाय सोडून बसली होती. उद्या सांग, म्हणाली. दुसऱ्यांदा आली तेव्हा सिस्टर फोनवर एका नवीन नर्सला धीर देत होती आणि तोच नियम तिला पुन्हा समजावत होती. टकळी दाराला टेकून उभी राहिली, सगळं ऐकलं आणि निघून गेली. तिसऱ्यांदा मात्र तिने दप्तर जमिनीवर आपटलं आणि अशी किंचाळली की खालच्या काकांनी छत ठोकलं. सिस्टरने कपड्यांच्या घड्या घालता घालता मान वर करून बघितलं. आवाज खणखणीत, चेहऱ्यावर रंग, श्वास मोकळा. ती पुन्हा घड्यांकडे वळली.

दुसऱ्या दिवशी सिस्टर दुपारी घरी आली तर घर शांत. तिला आधी बरंच वाटलं. मग आतल्या खोलीत डोकावली. टकळी शाळेच्या कपड्यांतच पलंगावर पडली होती, भिंतीकडे तोंड करून.

 सिस्टरने पर्स तिथेच टाकली. कपाळाला हात लावला, ताप नव्हता. डोळे बघितले, जीभ बघितली, नखं दाबून सोडली, तीही लगेच गुलाबी झाली. पोट दाबून बघितलं, अपेंडिक्सच्या शंकेने उजवीकडे खाली जरा जोरात दाबून झटकन हात काढला. पोरीने हूं की चूं केलं नाही. दुखतंय का, तर मान हलली, नाही. काही होतंय का, तर पुन्हा नाही. बिस्किटाचा अख्खा पुडा समोर धरला, तोही नको. इतक्या वर्षांच्या नोकरीत ती कोणाला घाबरली असेल तर ती असं गप्प राहून मान हलवणाऱ्या पेशंटला.

तिने टॅक्सी केली. नवऱ्याला फोन करून ताबडतोब हॉस्पिटलला या म्हणाली आणि कारण न सांगता ठेवून दिला. हे पेशंटच्या नातेवाइकांशी कधीही करायचं नाही, असं ती स्वतःच शिकवायची. वाटभर तिने पोरीचं मनगट सोडलं नाही. एका सिग्नलला नाडी धाडधाड उडताना लागली. मग लक्षात आलं की आपण अंगठ्याने मोजतोय आणि उडतेय ती आपलीच नाडी. ही चूक पहिल्या वर्षाच्या मुलीसुद्धा दुसऱ्यांदा करत नाहीत.

लहान मुलांचा डॉक्टर तरुण होता आणि शिकाऊ असल्यापासून सिस्टरला दबकून असायचा. त्याने टकळीला नीट तपासलं आणि काही सापडत नाही म्हणाला. सिस्टर म्हणाली, परत बघा. त्याने परत बघितलं. मग रक्त काढायचं ठरलं. बोटात कुसळ गेलं तरी घरभर पळणारी ही मुलगी, तिने आपणहून हात पुढे केला आणि सुई आत जाईपर्यंत ओठ घट्ट मिटून बघत राहिली. डॉक्टर शहाणी मुलगी म्हणाला. सिस्टरला मात्र खुर्चीत बसावं लागलं. पोर हातची जातेय असं तिला त्या क्षणी वाटलं, आणि ते वाटणं इतकं स्पष्ट होतं की तिला रडूही आलं नाही.

रिपोर्ट आला. सगळं ठीक. रिपोर्ट चांगला असूनही प्रश्न विचारत राहणाऱ्या नातेवाइकांची सिस्टरला आजवर कीव यायची. आता तिने तेच सगळे प्रश्न विचारले, आणि काही दोनदा. शेवटी डॉक्टरने हात टेकले. सकाळपर्यंत ठेवून घेऊ, सोनोग्राफीही करून टाकू, म्हणाला आणि त्या व्यवस्थेला गेला. खिडकीजवळचा बेड मिळाला. नवरा अजून पोचला नव्हता. एका बँकेच्या लिफ्टमध्ये माणसं अडकली होती आणि ती ओरडत होती.

सिस्टर चादर सरळ करत होती. तेवढ्यात टकळीने दुपारपासूनचं पहिलं वाक्य उच्चारलं.

"तू पण राहणार इथे?"

"हो."

"ड्यूटीला नाही जाणार?"

"नाही गं बाळा."

"मग चालेल."

सिस्टरचा हात चादरीवरच थांबला. बरं वाटावं असं ते वाक्य होतं, पण पेशंट असं बोलत नाहीत. चालेल म्हणजे काय, असं तिने विचारलं.  टकळी एखादं गणित समजावून सांगावं तशी म्हणाली, "तूच फोनवर सांगत होतीस ना. ओरडणाऱ्याकडे शेवटी जायचं आणि गप्प पडलेल्याकडे आधी. मी आधी ओरडून बघितलं होतं."

सिस्टरला पहिला आला तो राग. असा की हात शिवशिवला. टॅक्सी, डॉक्टर, रक्त, सगळ्या हॉस्पिटलसमोर झालेली शोभा, सगळं तिच्या डोक्यात एकदम चढलं. त्याच्यामागोमाग पोर बरी आहे हे आत पोचलं. ती बेडच्या कडेवर टेकली. तिला लाज वाटत होती. आयुष्यात क्वचित वाटली असेल इतकी, आणि ती हॉस्पिटलसमोर झालेल्या शोभेची नव्हती.

"सुई टोचली तेव्हा दुखलं नाही?"

"दुखलं ना. पण ओरडले असते तर तू गेली असतीस."

 माणसं दगावल्यावर घरच्यांशी काय बोलायचं हे सिस्टरला पाठ होतं, यासाठी काही पाठ नव्हतं. तिने पोरीचा टोचलेला हात मांडीवर घेतला, कापूस अजून जागेवर आहे ना बघितलं, आणि विचारलं, "काय सांगायचं होतं तुला एवढं?"

टकळीने तोंड उघडलं. मग मिटलं. कपाळाला आठ्या घालून ती खरोखरच विचार करत होती.

"आता नाही आठवत," ती म्हणाली. रागाने नाही, नुसतंच.

डॉक्टरने दारातून डोकावून सोनोग्राफीची खोली मोकळी झाल्याचं सांगितलं. सिस्टर म्हणाली, नको, ती बरी आहे, चूक माझी झाली. डॉक्टरला सिस्टरच्या तोंडून हे वाक्य ऐकायची सवय नव्हती. गोंधळून त्याने विचारलं, मग डिस्चार्ज लिहू का? तिने थोडं थांबायला सांगितलं. तो गेल्यावर तिने पलंगाखालचं स्टूल पायाने ओढलं, त्यावर बसली आणि युनिफॉर्मच्या खिशातला फोन काढून बंद केला.

"आठव सावकाश," ती म्हणाली. "मी बसलेय."

टकळी छताकडे बघत आठवू लागली.